रक्तातली भरती-ओहोटी

भाट्याच्या खाडीत होडी घालायची तर आधी पाणी पाहावे लागते. कालची भरती आज त्याच वेळी येत नाही, तेवढीच चढतही नाही. मग औषध तरी सर्वांच्या रक्तात सारखे कसे चढावे? आमच्या शेजारच्या काकू स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी क्षयातून उठल्या, पण कानांनी ठार बहिऱ्या झाल्या. जीव राखणारे औषध कान कसे नेते, हे कोडे मला लहानपणापासूनचे.

औषध मोजण्याची ही विद्या ऑक्सफर्डची. १९४० च्या सुमारास पेनिसिलीन तेथे गुंजागुंजांनी तयार होई. नॉर्मन हीटली या हिकमती माणसाने थाळीत जंतू पेरले, वर बारीक नळ्या उभ्या करून त्यांत औषध घातले. नळीभोवती जंतू न वाढता जेवढे स्वच्छ वर्तुळ उमटे, तेवढे औषधाचे बळ! १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या अत्यवस्थ पोलिसाला सुई टोचली. त्याला उतार पडला. परंतु औषध मूत्रावाटे भराभर निघून जाई. शेवटी त्याच्याच मूत्रातून ते काढून पुन्हा त्यालाच देऊ लागले. तरीही साठा संपला. १५ मार्चला तो गेला.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. औषध मिळू लागले. आता किती द्यावे, हा प्रश्न उरला. १९६३ साली आलेल्या जेंटामायसिनने तो ऐरणीवर आणला. कमी पडले तर जंतू वरचढ, साठून राहिले तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात. म्हणून सुईनंतर थोड्या वेळाने एकदा आणि पुढच्या सुईआधी एकदा रक्त तपासू लागले. म्हणजे भरती पाहायची आणि ओहोटीही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात रक्तातले औषध मोजण्याची सोय झाली, तीही बरीचशी फेफऱ्याच्या औषधांसाठी.

अत्यवस्थ रोग्याचे गणित तर फारच अवघड. सलाइनने अंगात पाणी साठते, त्यात औषध पातळ होते. एकाचे मूत्रपिंड थकलेले, तर शेजारच्या खाटेवरच्या तरण्याचे नेहमीपेक्षा दुप्पट धावणारे. मात्रा एकच, एकाला विष, दुसऱ्याला पाणी! व्हँकोमायसिनच्या बाबतीत तर नुसती ओहोटी न पाहता चोवीस तासांचा हिशेब मांडावा, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२० साली सुचविले.

काकूंचे रक्त तेव्हा कोणी तपासले असते तर? काही घराण्यांत आईकडून लेकरांकडे येणारा एक दोष असतो. अशांचे कान मापातल्या औषधानेही जातात. काकूंचे कशाने गेले, ते आता कळावयाचे नाही.