कपबशी की छत्री?

ट्रकच्या फाळक्याला घट्ट धरा. पिरंगुटचा घाट लागलाय आणि ड्रायव्हर रात्रभर जागा आहे. तुमच्या बरगडीत कुणाचं तरी कोपर रुतलंय, पायावर झोपलेल्या पोराचं डोकं आहे आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या टोपीला घामाचा, लोकलचा आणि कालच्या डब्यांतल्या मसाल्याचा वास आहे. निम्मा ट्रक डबेवाल्यांचा. मावळ-मुळशीच्या माणसांनी मुंबईला जेवू घालायचं हा जुना रिवाज. पण एप्रिलमध्ये गावोगावच्या जत्रा आल्या की डबे चार-पाच दिवस बंद. यंदा जत्रेच्या तोंडावरच पंचायतीचं मतदान आलंय. ट्रकचं भाडं कुणी भरलं ते मात्र विचारू नका. उतरताना दोघं जण हात जोडून उभे राहतील, त्यातल्या ज्याचा चेहरा जास्त जागलेला असेल त्याने.

साल कुठलं म्हणता? गेलं शतक सरता सरताचं. खिसा चाचपू नका, मोबाईल नाहीये. भूगाव, भुकूम मागे गेली तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती, पाहिलीत ना? हिंजवडी म्हटलं की इथं अजून म्हातोबाचं बगाड आठवतं.

पौड मागे पडलं, डांबर सुटलं, आता धूळ. नाकाला झोंबतोय तो धूर राबाचा. भाताचं रोप ज्या वाफ्यात टाकायचं तिथं शेण, पाला, फांद्या पसरून वर माती लोटायची आणि पेटवून द्यायचं. एप्रिलभर सगळं खोरं असं धुमसत असतं. तुम्ही शहरातले, तुम्हाला खोकला येईल. येऊ द्या. शेजारचा म्हातारा डोळे मिटून तोच धूर छातीभर ओढून घेतोय.

उतरलात की पहिल्याच घरी चहा मिळेल. तो पेल्यात. दुसऱ्या घरी कपबशीत. इथं जरा सावध राहा, कारण चहा कशातून दिला यावरून घर कुणाचं ते कळतं. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हं चालत नाहीत. एका पॅनेलला कपबशी मिळालीय, दुसऱ्याला छत्री. त्या दिवसापासून छत्रीवाल्यांच्या घरातल्या कपबश्या फळीवरून खाली आलेल्या नाहीत. कपबशीवाले त्या मानाने सुखी. एप्रिलात छत्री लपवायला काय लागतं?

दोन्ही पॅनेलच्या नावात भैरवनाथ आहे. एकाच्या पुढे ‘ग्रामविकास’, दुसऱ्याच्या पुढे ‘परिवर्तन’. देवाला दोघांनीही नारळ दिलाय. पक्ष नाहीत म्हणून राजकारण नसेल अशा समजुतीत पुण्याहून येणारे बरेच असतात. अहो, पक्ष बदलता येतो. चुलता कसा बदलणार? इथं बांधावरून बंद पडलेलं बोलणं, लग्नात न मिळालेला मानाचा फेटा, पाळीच्या विहिरीचं पाणी, सगळं त्या एका शिक्क्यात उतरतं. छत्रीचे नाना आणि कपबशीचे म्होरके सख्खे साडू. दोघांच्या बायका बहिणी, आणि त्या दोघी आत्ताही एकाच ओट्यावर बसून जत्रेच्या पुरणाची डाळ निवडताहेत. मधल्या सुपात बोटं चालताहेत, तोंडं बंद आहेत.

चला, शाळेत. अजून नऊ वाजायचेत आणि कौलं तापायला लागलीत. फक्कीची रेघ ओलांडलीत की प्रचार बंद, असा नियम आहे. म्हणून सगळे रेघेच्या बरोबर एक वीत अलीकडे उभे राहून तुमचा हात हातात घेतात. हात सोडवून घ्यायला वेळ लागतो. ‘‘आलास व्हय? आज्याचं नाव राख बरं का.’’ आजोबा कुठल्या बाजूला होते हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनाही ते ऐन वेळेपर्यंत ठाऊक नसायचं.

रांगा दोन, बायकांची लांब. खोबरेल तेल, नवं लुगडं, तंबाखू, बाळाच्या दुपट्याचा आंबूस वास. भिंतीवर तेरापर्यंतचे पाढे रंगवलेत. आजचा सुविचार कुणीतरी घाईत पुसलाय, खडूची पांढरट सावली उरलीय. बाकांवर बसलेले अधिकारी म्हणजे दुसऱ्या गावचे मास्तर. रात्रभर याच वर्गात सतरंजीवर झोपले, डासांनी फोडून काढले. कोणाच्याच घरचं खायचं नाही असं ठरवून आले होते. दोन्ही बाजूंनी भाकरी-पिठलं आलं तेव्हा त्यांनी दोन्हीकडचं थोडं थोडं खाल्लं. समतोल साधायचा म्हणजे आणखी काय करणार?

डावी तर्जनी पुढे करा. म्हैसूरहून आलेली शाई, गार लागते आणि मग चुरचुरते. तुमचं नाव मोठ्यानं पुकारलं जातं, आणि खिडकीशी बसलेले दोन्हीकडचे प्रतिनिधी यादीवर पट्टी ठेवून तुमच्या नावाला खूण करतात. एकाने बरोबरची, दुसऱ्याने फुलीची. अजून तुम्ही मत दिलेलंच नाही.

आता पोत्याच्या आडोशाला या. इथं एकटे आहात. गावातली ही एकच जागा, जिथं तुम्हाला कुणी बघत नाही. तुमच्या प्रभागात तीन जागा, म्हणून तीन मतं. तिन्ही एकालाच देता येत नाहीत. आणि इथंच खरी मेख आहे. एकच मत असतं तर माणूस कुणाचा तरी होऊन मोकळा झाला असता. तीन मतांत दोन संसार सांभाळता येतात! दोन घरच्यांना, एक भिडेपोटी. एक भावकीला, एक व्याह्याला, एक त्या माणसाला ज्याने गेल्या पावसाळ्यात तुमच्या आईला रात्री पौडला दवाखान्यात नेलं. मला विचाराल तर ही तीन मतांची सोय ज्याने केली त्याला गाव कळत होतं.

बायकांसाठी राखीव जागा आहेत. कागदावर त्यांच्या नावात नवऱ्याचं नाव आहे, आणि बाहेर भिंतीवरच्या रंगवलेल्या अक्षरांत तर ते जरा ठळकच आहे. शिक्का मारताना तुम्हीही ‘अमक्याची बायको’ असंच शोधताय ना? चिन्ह बघा, मारा, आणि कागद असा मोडा की ओली शाई भलत्या खणात उमटणार नाही. पत्र्याच्या पेटीत तो पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

बाहेर गलका कसला? चार जण खुर्ची उचलून आणताहेत. खुर्चीत नव्वदीला टेकलेली आजी, डोक्यावर पदर, हात काठीवर. दोन्ही पॅनेलची पोरं मदतनीस व्हायला धावतात. ‘‘हाटा. माझा मी मारीन.’’ ती मास्तरांच्या तोंडाशी कागद धरते.

‘‘ह्यात नळाचं चित्र कंचं?’’

‘‘नळ नाही, आजी. कपबशी आहे, छत्री आहे.’’

‘‘कपात घालाया पाणी नको व्हय?’’

रांगेत हशा पिकतो. तुम्हीही हसा, पण मग डावीकडे, डोंगराच्या फटीतून दिसणाऱ्या चकाकत्या पट्ट्याकडे बघा. ते मुळशीचं धरण. आजीचं माहेर त्याच्या तळाशी आहे. १९२१ ला सेनापती बापटांच्या मागे मावळे सत्याग्रहाला बसले तेव्हा ती परकरी पोर होती. धरण झालं. पाणी तिकडे कोकणात भिऱ्याला उतरतं, वीज करतं. इकडे एप्रिलात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावं लागतं. आजी आडोशामागे बराच वेळ असते. बाहेर येते तेव्हा मास्तर कागदाची घडी बघून कपाळावर हात मारतात, पण काही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी, तहसील कचेरी, पौड. आवारात उसाचा रस, भजी आणि हजारएक माणसांचा घाम. आतून आकडा फुटतो, दारापर्यंत येताना तो दोनदा बदलतो. एका प्रभागात तर दोघांना सारखीच मतं. अशा वेळी चिठ्ठी काढतात. कुणाचं तरी पाच-सहा वर्षांचं पोर उचलून टेबलावर उभं करतात आणि ते आधी रडतं, मग डब्यात हात घालतं. छत्री निघते. बाहेर ढोलावर टिपरू पडतं आणि तुमच्या तोंडात, कानात, चहात गुलाल जातो. त्याची चव खडूसारखी लागते. मिरवणूक गावात शिरते आणि साडूच्या दारापुढे ढोल नको तितका वेळ थांबतो. दार लावलेलं. ओट्यावर सूप तसंच पडलेलं.

सात सदस्यांत चार छत्री, तीन कपबशी. संपलं असं वाटतंय? छे. थेट लोकांतून सरपंच निवडायची रीत २०१७ साली आली. तुम्ही जिथं उभे आहात तिथं सदस्यच सरपंच निवडतात, हात वर करून. आणि एकाने जरी मागितलं तर गुप्त मतदान. चारातला एक फुटला की गुलाल फुकट. म्हणून आज रात्री, भाकरी तव्यावर असतानाच, वेशीवर जीप उभी आहे. देवदर्शन! अष्टविनायक. सदस्य चार, त्यातल्या दोघी बाया, म्हणून त्यांचे नवरे, एक अंगावरचं बाळ, ड्रायव्हर, आणि तुम्ही. तुम्हाला घेतलं कारण तुमची इथं कुणाशीच सोयरीक नाही. नाना कुरकुरतात. उद्यापरवा जत्रा, गावच्या भैरवनाथाचा छबिना, आणि आपण परक्या आठ देवांच्या दारी. बाया मात्र खूश आहेत. एकीला पौडपलीकडचा देव पहिल्यांदाच बघायचाय. निघण्यापूर्वी तिने सगळ्यांसमोर भंडारा उचलून शपथ घेतली होती, तेही तिच्या नवऱ्याच्या आधी.

पहाटे मोरगाव. अजून देवळाचं दार उघडायचंय. टपरीवर स्टो फरफरतोय, आलं ठेचल्याचा वास. मालकाला काय माहीत बिचाऱ्याला? तो पुसलेल्या कपबश्या ओळीने मांडतो आणि चहा ओततो.

कुणी हात लावत नाही. एक नवरा घसा खाकरतो. ‘‘पेल्यात द्या हो, पेल्यात.’’

नाना मात्र बाकावर मांडी घालतात. कप उचलतात, चहा सावकाश बशीत ओततात, फुंकर घालतात आणि मोठ्यानं फुर्रकन ओढतात. मग मान वर करतात. आठ जण आपल्याकडे टक लावून बघताहेत हे त्यांच्या आत्ता कुठे लक्षात येतं.

‘‘काय झालं रं?’’