शीघ्रपतनावरील वैद्यकीय उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात साथीचे रोग, शस्त्रक्रिया व लसीकरण यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेने पुरुषांच्या लैंगिक तक्रारींचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. शीघ्रपतन, म्हणजेच समागमात इच्छेपूर्वीच वीर्यस्खलन होणे, ही पुरुषांमध्ये वारंवार आढळणारी तक्रार आहे. तरीही तिच्याविषयी डॉक्टरांकडे जाऊन बोलणारे थोडे आणि भिंतींवरील जाहिराती वाचून गुप्तपणे औषधे घेणारे पुष्कळ, अशी स्थिती आपल्या समाजात दीर्घकाळ राहिली. प्रस्तुत निबंधात या तक्रारीकडे पाहण्याची वैद्यकीय दृष्टी कशी बदलत गेली आणि त्यानुसार उपचार कसे बदलले, याचा ऐतिहासिक पद्धतीने आढावा घेतला आहे. रुग्णाला मोकळेपणाने बोलता येणे हीच या उपचारांच्या प्रगतीची पूर्वअट ठरली, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्राचीन भारतीय विचार :

वात्स्यायनाच्या कामसूत्रात सांप्रयोगिक अधिकरणामध्ये नायक-नायिकांचे वर्गीकरण कालानुसार शीघ्र, मध्य व चिर असे केलेले आढळते. स्त्री व पुरुष यांच्या तृप्तीचा काळ सारखा असतो की भिन्न, यावर पूर्वाचार्यांची मतमतांतरेही तेथे नोंदविली आहेत. येथे शीघ्रता हा मुख्यतः रोग म्हणून येत नाही, तर दोघांच्या परस्पर अनुरूपतेचा प्रश्न म्हणून येतो, ही बाब लक्षणीय आहे.

आयुर्वेदाची दृष्टी वेगळी होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात शुक्रगत वाताच्या लक्षणांमध्ये शुक्राचे त्वरित स्खलन हे एक लक्षण सांगितले आहे. वाजीकरण हे तर आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग होय. मात्र वाजीकरणाचा विचार बलवर्धनाबरोबरच अपत्यप्राप्तीशी घट्ट जोडलेला होता. पुढील काळात वाजीकरण या शब्दाचा जो बाजारी अर्थ रूढ झाला, तो मूळ संहितेतील व्यापक अर्थाचा संकोच होता.

मनोविश्लेषणापासून वर्तनोपचारापर्यंत :

आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकात विसाव्या शतकाच्या आरंभी या तक्रारीचा ताबा मनोविश्लेषकांनी घेतला. कार्ल अब्राहम यांनी १९१७ मध्ये शीघ्रपतनावर निबंध लिहून त्याचे मूळ स्त्रीविषयीच्या अबोध वैरभावात शोधले. कारण अबोध मनात असल्यामुळे उपचारही दीर्घ मनोविश्लेषणाचाच असणे क्रमप्राप्त होते. १९४३ मध्ये बर्नहार्ड शापिरो यांनी शरीर व मन या दोहोंचा संबंध मांडला. ज्यांना आरंभापासूनच हा त्रास आहे असे रुग्ण आणि ज्यांना तो पुढे उद्भवला असे रुग्ण, असा भेद त्यांनी केला. स्पर्शसंवेदना कमी करणाऱ्या मलमांचाही त्यांनी विचार केला. जन्मजात आणि उत्तरकालीन हा भेद आजही उपचाराची दिशा ठरवितो, यावरून शापिरो यांच्या निरीक्षणाचे मोल ध्यानात येते.

१९४८ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड किन्से यांचा पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरील अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांमध्ये स्खलन दोन मिनिटांच्या आत होते, असा अंदाज त्यांनी मांडला आणि अशा शीघ्रतेला विकृती मानण्यास नकार दिला. जे बहुसंख्यांमध्ये आढळते त्याला रोग म्हणावे काय, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आला. तथापि, जोडीदाराच्या असमाधानाचा आणि रुग्णाच्या मनस्तापाचा प्रश्न या उत्तराने सुटत नव्हता.

तो सोडविण्याचा व्यवहार्य मार्ग मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये दाखविला. स्खलन जवळ आल्याची जाणीव होताच उद्दीपन थांबवावे, ती भावना ओसरल्यावर पुन्हा सुरू करावे, अशी त्यांची ‘थांबा आणि सुरू करा’ पद्धत होती. विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात याच दिशेने दाबतंत्र मांडले व फार मोठ्या यशाचा दावा केला. पुढील दीर्घकालीन पाहण्यांत हे यश तेवढ्या प्रमाणात टिकत नाही, असे दिसून आले. असे असले तरी या उपचाराने एक मूलगामी बदल घडविला. उपचाराचे एकक एकटा पुरुष न राहता दांपत्य झाले. पती-पत्नींनी या विषयावर एकमेकांशी बोलल्याखेरीज हा उपचार सुरूच होऊ शकत नव्हता.

औषधोपचाराचा उदय :

औषधांचा मार्ग एका दुष्परिणामातून सापडला. नैराश्यावरील काही औषधे घेणाऱ्या पुरुषांमध्ये स्खलनास विलंब होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. एका रुग्णाचा दुष्परिणाम दुसऱ्या रुग्णासाठी उपचार ठरू शकतो, या विचारातून १९७० च्या दशकात क्लोमिप्रॅमिनचा उपयोग होऊ लागला. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील मार्सेल वाल्डिंगर व सहकाऱ्यांनी पॅरॉक्सेटिनची तुलना निष्क्रिय गोळीशी करून त्याची परिणामकारकता दाखविली. मज्जापेशींच्या जोडांमध्ये सेरोटोनिन अधिक काळ उपलब्ध राहिल्यास स्खलनाची प्रतिक्षिप्त क्रिया लांबते, हे या औषधांमागील तत्त्व आहे. मात्र ही औषधे नियमित घ्यावी लागतात, परिणाम दिसण्यास काही दिवस जातात व ती एकाएकी बंद करणे योग्य नसते.

त्यामुळे गरजेपुरते घेता येईल अशा अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. डॅपॉक्सेटिन हे त्याचे फलित होय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये त्यास मान्यता नाकारली, परंतु २००९ मध्ये स्वीडन व फिनलंड येथे त्यास मान्यता मिळाली आणि पुढे इतर अनेक देशांतही ते आले. समागमापूर्वी एक ते तीन तास ते घ्यावयाचे असते. मळमळ, चक्कर आणि क्वचित भोवळ हे त्याचे दुष्परिणाम असल्याने वैद्यकीय सल्ल्याविना ते घेणे धोक्याचे ठरते. लिडोकेन व प्रिलोकेनयुक्त मलम किंवा फवारा हा स्थानिक उपचारही प्रचलित आहे. तक्रार उत्तरकालीन असल्यास थायरॉइडचा अतिस्राव, प्रोस्टेट ग्रंथीचा दाह किंवा ताठरतेतील दोष ही कारणे आधी शोधून त्यांवर उपचार करणे आवश्यक मानले जाते.

व्याख्या व मोजमाप :

किती काळ म्हणजे शीघ्र, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ मतांवरच अवलंबून होते. २००५ मध्ये पाच देशांतील ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉचच्या साहाय्याने केलेल्या नोंदींचा अभ्यास वाल्डिंगर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात मध्यक काळ ५.४ मिनिटे आढळला. अर्ध्या तासाची अपेक्षा बाळगून स्वतःला रोगी समजणाऱ्या पुरुषास हा आकडाच एक उपचार ठरू शकतो. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय लैंगिक वैद्यक संघटनेने जन्मजात शीघ्रपतनाची व्याख्या केली. सदैव किंवा बहुतेक वेळा सुमारे एका मिनिटाच्या आत स्खलन, ते लांबविण्याची असमर्थता आणि त्यामुळे होणारा मनस्ताप असे तिचे तीन घटक आहेत. २०१४ मध्ये उत्तरकालीन प्रकारासाठी सुमारे तीन मिनिटे वा त्याहून कमी ही मर्यादा जोडण्यात आली. घड्याळाइतकेच रुग्णाच्या स्वतःच्या निवेदनासही या व्याख्येत स्थान आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ :

रुग्णाच्या या निवेदनास आपल्याकडे कोणते स्थान होते? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. वाचकांच्या खाजगी लैंगिक शंकांना ते त्यातून शास्त्रीय उत्तरे देत. हस्तमैथुनाने वीर्यनाश होऊन पुरुषत्व लयास जाते, ही त्या काळची सार्वत्रिक भीती त्यांनी नाकारली. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, परंतु कर्वे यांना दंड झाला. दंड एका संपादकास झाला असला, तरी निषिद्ध ठरला तो प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचा आवाज. कर्वे यांनी हे मासिक १९५३ मध्ये निधन होईपर्यंत निष्ठेने चालविले.

शास्त्रीय उत्तरावर बंधन आले, तरी शंका नाहीशा होत नाहीत. त्या अन्यत्र वळतात. वीर्यनाशाच्या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणाच्या तक्रारींना मानसोपचारतज्ज्ञ न. ना. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. अशा रुग्णांमध्ये शीघ्रपतनाची तक्रारही अनेकदा आढळते. या भीतीवर जगणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. लैंगिक सुखाची क्षमता टिकविण्याचा वा वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली. असे असूनही रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर अशा जाहिराती दिसत राहिल्या. कायदा खोटे उत्तर रोखू शकतो, खरे उत्तर मात्र त्याला देता येत नाही. ते काम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात लैंगिक वैद्यक विभाग उभारणारे डॉ. प्रकाश कोठारी, ‘निरामय कामजीवन’कार डॉ. विठ्ठल प्रभू आणि वृत्तपत्रीय सदरातून वाचकांना उत्तरे देणारे डॉ. महिंदर वत्स यांसारख्या डॉक्टरांनी केले. कर्वे यांच्या प्रश्नोत्तरांचीच ही परंपरा होय.

निष्कर्ष :

१) शीघ्रपतनाचे जे कारण ज्या काळात मानले गेले, तोच त्या काळाचा उपचार ठरला. वात, अबोध मन, चुकीची सवय व सेरोटोनिन हे त्यातील टप्पे होत.

२) आज वर्तनोपचार, स्थानिक औषधे, पोटात घ्यावयाची औषधे व समुपदेशन हे पर्याय उपलब्ध असून ते एकमेकांस पूरक आहेत.

३) किन्से यांची मुलाखत, सीमन्स यांचा दांपत्योपचार व २००५ मधील मोजमाप या प्रत्येक टप्प्यावरील ज्ञान सामान्य माणसे बोलण्यास तयार झाली म्हणूनच मिळू शकले.

४) जेथे हे बोलणे दंडनीय वा लाजिरवाणे ठरले, तेथे उपचाराची जागा भीतीच्या व्यापाराने घेतली.

महाविद्यालयात येणारा तरुण विद्यार्थी याच वयात या भीतीला प्रथम सामोरा जातो. त्याच्या शंकेला शास्त्रीय उत्तर देऊ शकणारी व्यक्ती त्याला आपल्या आवारात भेटते काय, हा प्रश्न १९३४ च्या खटल्याइतकाच आजही आपणा अध्यापकांसमोर उभा आहे.