सोळा गावांचे सोलापूर?

१/ ‘सोळा गावे मिळून सोलापूर झाले’ ही व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

२/ आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर... ही प्रचलित यादी नीट वाचावी. त्या सोळांत एक गाव खुद्द सोलापूर आहे! मग गावे एकत्र येण्यापूर्वीच हे नाव कुठून आले?

३/ बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचे गाव ‘सोन्नलगे’ म्हणून ओळखले जाई. मोहोळ तालुक्यातील कामती येथील यादवोत्तर संस्कृत शिलालेखात ‘सोनलीपूर’ हे नाव येते. ‘सोलापूर’ हे त्याचेच पुढचे रूप मानले जाते.

४/ नावातील ‘सोला’ म्हणजे सोळा, हा मुळात कुणीतरी लावलेला अर्थ. पुनरुक्तीने त्याला वस्तुस्थितीचा मान मिळाला. अर्थ अवश्य लावावा. परंतु सांगताना ‘मला वाटते’ हे दोन शब्द गाळू नयेत.