करंजी घाट आणि उलटा थर्मोस्टॅट

परवा दादांची हत्यारांची पेटी आवरायला घेतली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एक पितळी चकती सापडली. आमच्या फियाटचा थर्मोस्टॅट! दादांनी तो इतकी वर्षं का जपला असेल?

1987 चं नवरात्र. नगरहून (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) मोहटादेवीला निघालो होतो. आदल्या रविवारी दादांनी अंगणातच रेडिएटर धुतला, रबरी पाईप बदलले, थर्मोस्टॅट घासूनपुसून परत बसवला. गॅरेजला पैसे देणं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. सपाटीला काटा थोडा वर होता, पण "नवीन पाणी आहे, बसेल," म्हणाले. करंजी घाटात बॉनेटमधून वाफ आली.

दादांनी ओला पंचा धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि कारंजं उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. आजीने देवीसाठी आणलेली पाण्याची कळशी सरळ त्या हातावर ओतली.

नगर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर, इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाच्या दाबाखाली मात्र ते शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहतं. दाब सुटला की क्षणात वाफ. हे मला पुढे कॉलेजात कळलं.

सुरुवातीला ही भानगडच नव्हती. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत पाणी उकळून उडून जायचं, की वरून आणखी ओता. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरएक किलोमीटर. वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरलं, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे घरगुती दुरुस्ती मोटारीइतकीच जुनी! पुढे विल्हेल्म मायबाखने 1900 च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. तेच पाणी फिरवून वापरता आलं, पण त्यासाठी वारा लागायचा. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. असल्या गाड्यांच्या रेडिएटरपुढे पोलादी दारं असत. गोळ्या अडवायला ती लावली की वाराही अडणारच.

असो. घाटात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, गाडी निवेपर्यंत बिडी ओढली, मग रेडिएटरला खालून हात लावला. "मालक, इंजिन पेटलंय अन् हे गार. पाणी फिरतच नाही." दोन बोल्ट काढून त्याने थर्मोस्टॅट हातात घेतला आणि हसला. उलटा बसवला होता! मेणाची डबी इंजिनाकडे हवी. तिकडचं पाणी तापलं की मेण फुगतं आणि झडप उघडते. आमची डबी रेडिएटरकडे तोंड करून गारठलेली.

थर्मोस्टॅट न लावताच जोडणी केली. पाणी त्याने हळूहळू भरलं, मधूनमधून पाईप दाबून बुडबुडे काढत. हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही. पेशव्यांच्या कात्रजच्या नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते तेही हवेसाठीच.

पैसे त्याने घेतले नाहीत. दादा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हाताला बँडेज बांधून स्वयंपाकघरात उभे, चहाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट उकळत. तो उघडला तेव्हा आईला म्हणाले, "बघ, हा चांगलाच होता. चूक माझी."

दादांच्या तोंडून हे वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

काल आई झोपल्यावर मीही तो पातेल्यात टाकून बघितला. अजून उघडतो.