कल्पनाखेळातील असुर : नाम आणि आशय

युरोपच्या असुरसृष्टीत डेमोगॉर्गन नावाचा एक अधिपती आहे. त्याला कोणत्याही पुराणकथेचा आधार नाही. स्टेशियस या रोमन कवीच्या महाकाव्यावरील एका प्राचीन टीकेत हे नाव प्रथम आढळते. विश्वनिर्मात्याचा वाचक असलेल्या ‘डेमिउर्गस’ या शब्दाचे लेखनिकाच्या हातून झालेले ते विकृत रूप असावे, असा अभ्यासकांचा प्रबळ तर्क आहे. तरीही चौदाव्या शतकात बोकाचिओने देवतांच्या वंशावळीचा आरंभ त्याच्यापासून केला आणि सतराव्या शतकात मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये त्याला स्थान मिळाले. १९७६ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका लहानशा पुस्तिकेत तो पुन्हा अवतरला. या वेळी दोन वानरमुखे, स्पर्शकांसारखे बाहू आणि नेमके मोजलेले सामर्थ्य घेऊन. एका लेखनदोषाचा हा प्रवास ज्या वाङ्मयप्रकारात येऊन थांबला, त्याची साहित्याच्या इतिहासात क्वचितच दखल घेतली जाते.

हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ. त्यात एक जण निवेदक होतो, इतर जण एकेका पात्राची भूमिका घेतात आणि संवादातून कथा पुढे सरकते. संघर्षाचा निर्णय फाशांच्या दानावर होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांतील आद्य ग्रंथ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. टॉल्किनच्या कादंबरीतून उचललेला ‘बॅलरॉग’ त्यात होता. पुढे हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर ते नाव गाळण्यात आले आणि तोच अग्निमय असुर ‘बॅलॉर’ म्हणून नांदू लागला. या परंपरेतील हे पहिले नामांतर कायद्याच्या भीतीने घडले. दुसरे लोकापवादाच्या भीतीने व्हावयाचे होते.

‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या १९७६ च्या पुरवणीने आणि ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या १९७७ च्या ग्रंथाने असुरांची रीतसर सूची सिद्ध केली. या सूचीची जातकुळी जुनी आहे. योहान वायर या वैद्याने १५७७ मध्ये एकोणसत्तर सैतानांची एक यादी प्रसिद्ध केली होती. तीत कोण राजा, कोण सरदार, कोणाच्या हाताखाली किती पलटणी, याची काटेकोर नोंद आहे. खेळाच्या ग्रंथांतही प्रत्येक असुराची प्रहार सोसण्याची शक्ती आणि जादूला होणारा प्रतिकार अंकांत दिलेला असतो. नावे चोहोकडून आणली गेली. ऑर्कस हा रोमन पाताळाचा देव. बालझेबुल मूळचा पलिष्टी लोकांच्या एक्रोन नगरीचा देव. ॲस्मोडिअस ‘टोबीत’च्या ग्रंथात सारेच्या सात पतींना मारतो; त्याच्या नावामागे अवेस्तेतील ‘अएश्म दएव’, म्हणजे क्रोधाचा दैत्य, असल्याचे बहुतेक विद्वान मानतात. आपल्याकडचा ‘देव’ इराणात दैत्य झाला, ही गोष्ट भारतीय वाचकाला ठाऊक आहेच. एकाचे दैवत ते दुसऱ्याचे सैतान, हा धर्मेतिहासाचा जुना क्रम या सूचीत निमूटपणे गोठलेला आहे.

गायगॅक्स यांनी या गोळाबेरजेवर एक विभागणी लादली. त्यांचे ‘डेव्हिल’ दुष्ट खरे, पण शिस्तबद्ध. त्यांचा नरक नऊ थरांचा, दान्तेच्या नऊ वर्तुळांची आठवण करून देणारा. दान्तेकडचा गेरिऑन आणि दिस नगरीचा अधिपती तेथे सामंत म्हणून बसलेले. ‘डीमन’ मात्र उच्छृंखल, सहाशे सहासष्ट थरांच्या अथांग गर्तेत एकमेकांच्या जिवावर उठलेले. सुव्यवस्था आणि अराजक यांचे हे द्वंद्व पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांमधून आलेले. कल्पना अर्थगर्भ होती. पण प्रारंभी तिला सूचीपलीकडे फारसे जीवन नव्हते. असुर भेटावयाचा, मारला जावयाचा आणि पुढचे पान उलटले जावयाचे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजेविषयी एक सार्वत्रिक भयगंड पसरला. मुलाच्या आत्महत्येचा दोष या खेळाला देणाऱ्या एका शोकाकुल मातेने १९८३ मध्ये विरोधी संघटना उभारली. असुरांची नावे उच्चारणारी मुले सैतानाला वश होतात, असा प्रचार झाला. लेखक मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये या आरोपांचे तपशीलवार खंडन केले. पण तोवर प्रकाशकांनी माघार घेतली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे दोन्ही शब्द वगळण्यात आले.

या माघारीचा परिणाम मात्र अनपेक्षित झाला. १९९१ च्या एका पुरवणीत तेच असुर ‘तनारी’ आणि ‘बाटेझू’ या बनावट नावांनी परतले. या नावांमागे ना बायबल होते, ना दान्ते. वाचकाच्या मनात ती आपोआप कोणतेही भय जागवीत नव्हती. म्हणून लेखकांना त्यांचा समाज, त्यांच्या पायऱ्या, त्यांची महत्त्वाकांक्षा आणि त्यांचे वैर रचावे लागले. शिस्तबद्ध दुष्टता आणि बेबंद दुष्टता यांचे अनादि युद्ध या काळात आकाराला आले आणि १९९४ च्या ‘प्लेनस्केप’ने त्याला विश्वरचनेच्या केंद्रस्थानी आणले. जगाचा नाश करू पाहणाऱ्यांपासून जग वाचते ते त्यांच्या आपसांतील द्वेषामुळे, ही त्यातील जाणीव कोणत्याही गंभीर कथेला शोभणारी आहे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द सन्मानाने परत आले. परंतु मधल्या वनवासात कमावलेला आशय त्यांच्यासोबत टिकला.

याच्या नेमकी उलट कथा ‘राक्षस’ या शब्दाची आहे. तो १९७७ च्या सूचीत भारतीय नावानिशी आला आणि नंतरही त्याला कोणी हात लावला नाही. डेव्हिड ट्रॅम्पिअर यांच्या चित्रात तो वाघाच्या मुखाचा, उंची पेहरावातला आणि धूम्रपान करणारा दिसतो. त्याचा वध मंत्रपूत बाणाने होतो. हा उपाय रामायणातील नव्हे. १९७४ च्या ‘कोल्चॅक’ या अमेरिकी दूरचित्रमालिकेच्या एका भागात राक्षस अशाच बाणाने मरतो. रूप पालटण्याची विद्या तेवढी आपल्या कामरूपी राक्षसांशी नाते सांगते. बाकी सारे हरवले. अमरकोश राक्षसांची गणना देवयोनींत करतो. वाल्मीकींचा रावण पुलस्त्यकुळातला, वेदज्ञ आणि तपस्वी. त्याचा भाऊ विभीषण धर्मासाठी कुळ सोडतो. भीमाची पत्नी हिडिंबा राक्षसी आणि घटोत्कच पांडवांसाठी प्राण देणारा. राक्षसत्व ही आपल्याकडे एक योनी आहे, नैतिक निकाल नव्हे. खेळाच्या सूचीत मात्र जन्म हाच निकाल ठरतो. कीथ बेकर यांच्या २००४ च्या ‘एबेरॉन’ने राक्षसांना प्राचीन साम्राज्याचा इतिहास दिला, परंतु तो नव्याने रचलेला, लंकेशी त्याचा संबंध नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही तो वाघमुखीच राहिला.

ज्या शब्दांवर बंदी आली, त्यांना सखोल कथा लाभली. जो शब्द निर्वेधपणे उचलला गेला, त्याची कथा मागेच राहिली. दोष खेळाचा एकट्याचा नव्हे. परकी नावे ओळखीची वाटू लागली की त्यांच्याविषयी आणखी विचारण्याची गरज कोणालाच उरत नाही. आज या खेळांतून किंवा त्यांच्यापासून निघालेल्या संगणकखेळांतून ‘राक्षस’ हा शब्द प्रथम भेटणारे वाचक भारतातही आहेत. त्यांनी पुढे रामायण हाती घेतले, तर रावणाची विद्वत्ता त्यांना विसंगती वाटेल आणि विभीषण अपवाद वाटेल. डेमोगॉर्गनला मूळ कथाच नसल्याने त्याचे काही हरवले नाही. राक्षसांचे मात्र पुष्कळ हरवले आहे, आणि ते शोधावयाचे तर सूची मिटून महाकाव्यच उघडावे लागेल.