शिंप्यांमधला सैतान

खेळांची नावं बहुधा सरळ असतात. विटीदांडूत विटी असते आणि दांडूही असतो. पण इंग्लंडच्या जुन्या पबमध्ये एक खेळ खेळतात, त्याचं नाव ‘डेव्हिल अमंग द टेलर्स’, म्हणजे शिंप्यांमध्ये शिरलेला सैतान! खेळात सुई नाही, दोरा नाही. शब्दांच्या मागं लागायची मला खोडच आहे, त्यामुळं या नावापाशी मी थांबलो.

खेळ तसा सोपा. मेजावर एक उभी काठी, तिला साखळीनं टांगलेला चेंडू आणि बाजूला मांडलेले नऊ छोटे लाकडी खुंट. चेंडू काठीभोवती फिरवून खुंटांवर सोडायचा आणि जास्तीत जास्त आडवे करायचे. हा चेंडू म्हणजे सैतान आणि खुंट म्हणजे शिंपी.

या नावामागं १८०५ सालची एक हकिकत सांगतात. लंडनच्या हेमार्केट थिएटरात विल्यम डाउटन या नटानं ‘द टेलर्स’ हे जुनं प्रहसन पुन्हा लावलं. त्यात शिंपी कारागिरांच्या संपाची टवाळी होती. शहरातले शिंपी खवळले, थिएटरात घुसले आणि त्यांनी प्रयोग चालू दिला नाही. शेवटी घोडेस्वार सैनिक बोलवावे लागले. गर्दीत घुसलेले घोडे आणि खुंटांत घुसलेला चेंडू! दंगल इतिहासातली आहे. खेळाच्या नावाशी तिला बांधणारा धागा मात्र लोकांच्या तोंडचा.

पण शिंपी एवढे चिडले का? त्याचं उत्तर कायद्यात सापडतं. १७२१ सालीच लंडनच्या शिंपी कारागिरांची मजुरी कायद्यानं बांधून टाकली होती. सकाळी सहा ते रात्री आठ काम, आणि मजुरी वाढवून घ्यायला एकत्र येणं हा गुन्हा. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी ही बंदी सगळ्याच कामगारांवर आली. ज्यांना एकत्र येऊन बोलायचीही मुभा नव्हती, त्यांच्यावर रंगमंचावरून हसायचं, हे त्यांना कसं सोसावं?

इंग्रजीत जुनी म्हण आहे, नऊ शिंपी मिळून एक माणूस होतो. म्हणजे एक शिंपी माणसाचा नववा हिस्सा! काहींच्या मते या म्हणीतले शिंपी मुळात कुणी गेल्यावर चर्चमध्ये पडणारे घंटेचे ठोके होते. मूळ काहीही असो, टोमणा शिंप्यांनाच बसला. मेजावरचे खुंटही नऊच आहेत. हा योगायोग असेल, पण मला तो बोचतो.

१८२४ साली संघटनाबंदीचे ते कायदे रद्द झाले. पबमधला खेळ मात्र चालूच राहिला. पडलेले खुंट दर डावाला कुणीतरी हातानं उभे करतं. त्या दिवशी हेमार्केटमधले शिंपी आपणहून उभे राहिले होते. खेळाच्या नावात सैतान पहिला येतो. मला त्यातले शिंपी जास्त लक्षात राहतात.