स्टँडवरचे स्पीकर आणि घरातली मांजर-कुत्री

संगीताचा शौक आणि प्राण्यांचा लळा ही दोन्ही वेडे एकाच घरात नांदू लागली, की दिवाणखान्यातील स्पीकरची जागा हा कळीचा प्रश्न होऊन बसतो. मांजराला उंच जागेचे आकर्षण असते, तर कुत्र्याची शेपटी आनंदाच्या भरात आजूबाजूला काय आहे याचा विचार करीत नाही. पाच-सहा किलो वजनाची लाकडी पेटी दोन फुटांवरून कोसळली तर स्पीकरचे नुकसान होतेच. पण खाली पिलू किंवा रांगते मूल असेल तर ते जिवावरही बेतू शकते. मात्र थोडी काळजी घेतल्यास शौक आणि लळा या दोहोंपैकी एकाचा त्याग करण्याची वेळ येत नाही.

स्टँड कशासाठी?

‘बुकशेल्फ स्पीकर’ हे नाव त्याच्या आटोपशीर आकारावरून पडले असले, तरी पुस्तकांच्या फडताळात किंवा भिंतीला चिकटून ठेवल्यास त्यातील खर्जाचे स्वर नको इतके घुमतात. म्हणूनच ते भिंतीपासून थोडे दूर, स्टँडवर ठेवले जातात. उंच स्वरांचा ‘ट्विटर’ ऐकणाऱ्याच्या कानांच्या पातळीवर यावा, यासाठी स्टँडची उंची बहुधा ६० ते ७० सेंटीमीटर असते. नेमकी हीच उंची आणि त्यावरचे वजन यांमुळे ही रचना डळमळीत होते.

पडण्याचे गणित

समजा, १८ सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर उंच आणि ६ किलो वजनाचा स्पीकर ६० सेंटीमीटर उंचीच्या, ४ किलो वजनाच्या स्टँडवर ठेवला आहे. स्टँडचा तळ ३० सेंटीमीटर रुंद आहे. स्पीकरच्या वरच्या कडेला अवघ्या पावणेदोन किलो वजनाइतका आडवा जोर लागला, तरी हा सारा डोलारा कलंडू लागतो. चार किलोच्या मांजराच्या उडीत एवढा जोर सहज असतो.

स्टँडच्या पोकळ खांबात ४ किलो वाळू भरली, तर स्टँड उलथण्यासाठी सुमारे २.३ किलोचा जोर लागतो. मात्र स्पीकर नुसताच वर ठेवलेला असेल, तर तो स्वतः १.८ किलोच्या जोरानेच वरच्या पट्टीवरून उलटतो. म्हणजेच स्टँड जड करणे आणि स्पीकर स्टँडला जखडणे या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. एकीवाचून दुसरी अपुरी पडते.

स्पीकर जखडण्याचे मार्ग

सर्वांत सोपा उपाय म्हणजे भिंतीवर चित्रे चिकटविण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ‘ब्ल्यू-टॅक’सारखा मऊ, चिकट पदार्थ. दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ पुसून त्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या चारही कोपऱ्यांत लावाव्यात आणि स्पीकर वरून दाबून बसवावा. काढताना तो सरळ वर न ओढता हलकेच पिळून सोडवावा, अन्यथा लाकडावरील पातळ पापुद्रा उचकटण्याची भीती असते.

काही स्पीकरच्या तळाशी आटे पाडलेली भोके असतात. त्यांत बसणाऱ्या मापाच्या बोल्टने स्पीकर थेट स्टँडच्या वरच्या पट्टीला आवळता येतो. हा मार्ग सर्वांत भक्कम आहे. भोके नसल्यास स्वतः पाडू नयेत. आतील तारा व सुटे भाग दुखावू शकतात. अशा वेळी नायलॉनचा पट्टा स्पीकर आणि पट्टी यांच्याभोवती आवळावा. पट्टा स्पीकरच्या पडद्यावरून किंवा मागील हवेच्या छिद्रावरून जाणार नाही, हे पाहावे.

पाया रुंद, वजन खाली

वाळू धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून मगच खांबात भरावी. ओलसर वाळूने लोखंड गंजते. वजनासाठी शिशाचे छर्रे वापरणे प्राणी असलेल्या घरात टाळावे. शिसे विषारी असते आणि सांडलेला छर्रा प्राण्याच्या पोटात जाऊ शकतो.

स्टँडखाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा ४० सेंटीमीटर चौरस तुकडा स्क्रूने पक्का केल्यास वरील उदाहरणात उलथण्यासाठी लागणारा जोर साडेतीन किलोपर्यंत, म्हणजे मूळच्या दुपटीवर जातो. स्टँडचे टोकदार पाय गालिच्यासाठी ठीक. गुळगुळीत फरशीवर ते घसरतात आणि चरे पाडतात. तेथे रबरी बूच लावावेत.

वायरींकडे दुर्लक्ष नको

अनेकदा धक्का स्पीकरला नव्हे, तर पायात अडकलेल्या वायरीला बसतो. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा नेमका अशाच कोपऱ्यात शिरतो. त्यामुळे वायर खांबाच्या मागून किंवा आतून खाली घ्यावी आणि भिंतीलगत केसिंग-पट्टीतून न्यावी. अंगभूत अॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरच्या वायरीत २३० व्होल्टचा प्रवाह असतो. ती पिलाने कुरतडणे जीवघेणे ठरू शकते.

प्राण्यांचाही विचार

माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५ हजार, तर मांजराला ६० हजारांहून अधिक. म्हणून त्यांची झोपण्याची जागा स्पीकरसमोर नसावी. जाळीचे कापड मांजराला नखे घासण्यास आवडते. त्यासाठी सुतळी गुंडाळलेला खांब जवळच ठेवावा. त्याला चढण्यासाठी स्पीकरपेक्षा उंच, भक्कम फळी दिल्यास स्पीकरचे आकर्षण कमी होते.

अखेरीस, महिन्यातून एकदा स्पीकरच्या माथ्यावर तळहात टेकवून हलकेच ढकलून पाहावे. तो स्टँडवर सरकला, तर चिकट गोळ्या बदलाव्यात. स्टँडसकट डुलला, तर पायाकडे लक्ष द्यावे. तरीही खात्री वाटत नसेल, तर भिंतीवरील ब्रॅकेट हा पर्याय आहेच. आवाजात थोडा फरक पडेल. मात्र घरातली धावपळ निर्धास्तपणे चालू राहील.